पहिला दगड बकरीचा

विश्वास ठेवू नका, मी आधीच सांगून ठेवतो. मी तोंड उघडलं की हा मोहल्ला मान हलवायला लागतो, आणि अर्ध्यावर कुणीतरी "कादिरअली आका, पुरे आता" म्हणतं. पण या वेळी दगड समोर आहे. ताश्कंदहून आलेल्या या पाहुण्यांनी तो स्वतः वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि मगच विचारलं, की युद्धात परक्या पोरांना दूध पाजणाऱ्या बायांच्या स्मारकात पहिला दगड बकरीचा कसा? त्यावर कोरलंय: 'बकरी. अकरा मुलं.' खाली शहराचा शिक्का. बाकीच्या अकरा दगडांवर अकरा बायांची नावं, आणि सगळ्यांच्या पुढे बकरी. आमचं हे कोकंद शहर सोडून असा दगड जगात कुठे निघाला, तर मी डावी मिशी उतरवून देईन.

पाहुणे, नीट टेकून बसा. नबीजॉन, त्यांना उशी दे. दुसरी नाही, तू बुडाखाली दाबून ठेवलीयस ती.

आता ऐका. आणि ऐकताना एक ध्यानात ठेवा, मी चिडलेलो आहे. तीन वर्षं झाली, चिडलेलोच आहे. डॉक्टर म्हणतात रक्तदाब. मी म्हणतो, रक्तदाब नव्हे, हिरवळ आणि स्मृती विभाग.

या कोपऱ्यावर पूर्वी रॉकेलचं दुकान होतं. दुकान गेलं, उकिरडा आला. मी रेशीम गिरणीत चाळीस वर्षं कापडावरची नक्षी आखली. सकाळी उठून समोर टरबुजाची सालं आणि फाटके गालिचे बघायचे, हे नक्षीवाल्या माणसाला किती लागतं ते तुम्हाला नाही कळायचं. एका सकाळी वाटलं, ज्या बायांनी युद्धात आगगाडीतून आलेली अनाथ पोरं पदरात घेतली, त्यांचं या गल्लीत कुठेही नाव नाही. रस्त्याला पुरुषाचं नाव, शाळेला पुरुषाचं नाव, पंपालासुद्धा कुठल्याशा पुरुषाचं नाव. आणि मी सात वर्षांचा असताना स्टेशनवर उभ्या राहिलेल्या त्या बाया, ज्यांनी "हे माझं, ते पण माझं" म्हणून पोरं उचलली, त्यांची नावं फक्त कबरस्तानात. तीही झिजलेली.

माझी आई त्यांतलीच. आयिमखोन तिचं नाव. माझी धाकटी बहीण दोन महिन्यांची होऊन गेली त्याच आठवड्यात गाडी आली. आईचं दूध काही थांबेना, आणि स्टेशनवर तान्ही पोरं... म्हणजे, असो. ते पुढे येईल.

तर मी बगीचा आखला. नऊ पावलं लांब, सहा पावलं रुंद. मधे तुतीचं एक झाड, कडेनं पाण्याचा पाट, आणि गोल मांडलेले बारा दगड. उंची किती? गुडघ्याइतकी. का? मांडीवर पोर घेऊन बसणारी बाई जेवढ्या उंचीवर बसते तेवढी. हे मी घरातल्या ओट्यावर बायकोला बसवून मोजलं. ती म्हणाली, "पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मला बसायला सांगितलंत ते आज, तेही मापासाठी."

मग मोहल्ला सल्ला द्यायला आला. एक म्हणाला, मधे पुलावाच्या मोठ्या कढईसाठी चूल ठेवा, लग्नाला उपयोगी. दुसरा म्हणाला, तुती नको, जर्दाळू लावा, निदान खाता येईल. तिसऱ्याला आपली गाडी सावलीत लावायची होती. एक खोला, म्हणजे मावशीबाई, आल्या आणि गालिचे धुवायला नळ हवा म्हणाल्या. मी म्हटलं, "खोला, हे स्मारक आहे." त्या म्हणाल्या, "मग काय झालं? त्या बायांचे गालिचे मळत नव्हते?" याला उत्तर असेल तर मला सांगा.

रविवारी हशर ठरला. हशर म्हणजे सगळा मोहल्ला फुकट राबतो आणि यजमान जेवण घालतो. चाळीस माणसं आली. सदतीस जेवली आणि तिघांनी खणलं. त्या तिघांनी असं खणलं की पाण्याची नळी फुटून तीन गल्ल्यांत दोन दिवस पाणी नव्हतं. पाणी गेलं म्हणून सरकार आलं. ते आधी कधीच आलं नव्हतं. उकिरडा होता तेव्हा नाही आलं, वास सुटला तेव्हा नाही आलं. स्मारक म्हटल्यावर आलं.

हिरवळ आणि स्मृती विभागाचे शेरजोद साहेब. वय तिशीच्या आत, बुटांची टोकं इतकी लांब की साहेब कोपऱ्यावर पोहोचण्याआधी बूट पोहोचायचे. माझा आराखडा त्यांनी उलटा धरून पाहिला.

"तुती नको," म्हणाले, "फळं पडतात, डाग पडतात."

"बरं."

"पाट नको. लहान मुलं पडतील."

"साहेब, हे लहान मुलं वाचवणाऱ्या बायांचं..."

"म्हणूनच. आणि दगड बसायच्या उंचीचे नकोत. लोक बसतात."

"मग लोकांनी इथे येऊन करायचं काय?"

"आदर," ते म्हणाले.

आदर! उभ्यानं! मी घरी येऊन अख्खी किटली रिकामी केली तरी घशाची आग जाईना.

नंतर विभागानं पुतळा पाठवला. मी मागितला नव्हता. मांडीवर पोर घेतलेली सिमेंटची बाई. शिल्पकार बिचारा चांगला होता, त्यानं पोराला जिथं ठेवायचं तिथंच ठेवलं होतं. विभागात गोंधळ उडाला. पाच जणांची समिती बसली, पाचही पुरुष, आणि ठरलं की दूध पाजणाऱ्या बाईच्या स्मारकात दूध पाजणं दिसू नये. शिल्पकाराला पोर काढायला लावलं. हात मोकळे राहिले ते विचित्र दिसायला लागले. मग त्या हातांत चहाची किटली दिली. मी ओरडलो, "हे चायखान्यासमोर नेऊन ठेवा!" आणि त्यांनी नेऊन ठेवलं! ती बघा, तुमच्या मागे उभी आहे. चहाला चांगली आहे, मी नाही म्हणत नाही.

राहिले दगड. भांडून भांडून मी तुतीचं झाड वाचवलं, दगडांची उंची वाचवली. 'आदर करताना थकवा आल्यास' असा शेरा मारून घेतला तेव्हा मिळाली. बारा दगड मंजूर झाले, बारा नावं हवी होती. आणि इथे हा नबीजॉन आला. हो, तूच. मान खाली घालू नकोस, पाहुण्यांना चेहरा दिसू दे.

विभागाचा नियम असा, की जिनं जास्त पोरं पाजली तिचा दगड आधी. नबीजॉननं जाऊन अर्ज भरला, आजीच्या नावापुढे नऊ पोरं. नऊ! मी त्याच्या आजीला पाहिलंय. लहानपणी तिच्या अंगणात भोपळ्याच्या बिया मागायला गेलो तर तिनं मोजून दोन दिल्या, आणि एक परत घेतली.

"तीन पाजली असतील," विभागाच्या खिडकीशी मी त्याच्या मागेच उभा होतो, तिथंच म्हटलं.

"नऊ," नबीजॉन म्हणाला. "तुमच्या आईनं किती? जिवाला बरं नसायचं ना त्यांना?"

जिवाला बरं नसायचं! पाहुणे, माणसाला राग कुठून येतो मला माहीत नाही, मला टाचेतून येतो. मी लेखनिक बाईंच्या हातातून पेन घेतलं आणि नावं लिहायला लागलो. एक, दोन, पाच, आठ. ज्या ज्या पोराला आमच्या अंगणात पाहिलं होतं ते सगळं लिहिलं. नवव्या ओळीवर लिहिलं झुमराद. ही गाडीतून आलेली, आठ महिन्यांची, शेजारच्या गल्लीतल्या सलोमत खोलांनी घेतलेली. दहाव्या ओळीवर आमच्याच मोहल्ल्यातलं एक पोर लिहिलं. त्याची आई गिरणीत बारा तास राबायची आणि सकाळी त्याला आमच्या उंबऱ्याशी ठेवून जायची. एर्गश. अकरावं आठवेना, म्हणून माझंच नाव लिहिलं. मीही प्यालोच होतो की!

अकरा. सही. शिक्का. नबीजॉनकडे बघून मी मिशी पिळली.

तुमच्या तोंडावरून दिसतंय, पाहुणे, तुम्हाला कळलं. मला नाही कळलं. अक्कल रागाच्या मागून चालत येते, आणि माझी तर काठी घेऊन येते.

यादी हरकतींसाठी मोहल्ल्याच्या फळ्यावर सात दिवस लागली. पहिल्याच दुपारी आमचे दोमला, म्हणजे मशिदीचे मौलवी, नमाज आटपून जाता जाता थांबले, त्यांनी वाचली, आणि सरळ माझ्या दारात आले. हे बघा, ते तिथे बसलेत, विचारा त्यांना.

"कादिरअली," म्हणाले, "एका बाईचं दूध प्यालेली दोन पोरं एकमेकांची कोण?"

"भावंडं. त्यांचं लग्न लागत नाही. हे कोण विचारतं? पोरासोरांनाही माहीत..." आणि माझ्या डोळ्यांसमोर यादीची नववी आणि दहावी ओळ आली.

एर्गश आणि झुमराद यांच्या लग्नाला तेव्हा एक्केचाळीस वर्षं झाली होती. पाच मुलं, अकरा नातवंडं. एर्गशचे आईबाप तो दोन वर्षांचा असताना रिश्तोनला गेले. तो परत आला तो सुतारकाम शिकून, मिसरूड फुटल्यावर. माझी आई तोवर गेली होती, त्याची आईही. मी सैबेरियात रेल्वेचे रूळ टाकत होतो. परत आलो तेव्हा ह्यांच्या अंगणात दोन पोरं रांगत होती. मी टरबूज खाल्लं, आशीर्वाद दिला आणि घरी आलो. दुसरं काय करणार? मला काही आठवलंच नव्हतं. पाहुणे, हे नीट लिहून ठेवा, मला काही आठवलंच नव्हतं.

"कानावर आलेलं मी विसरू शकतो," दोमला म्हणाले. "पण संगमरवरात कोरलेलं कसं विसरू? उद्घाटनाची दुआ मलाच म्हणायचीय, त्या दगडासमोर उभं राहून."

त्याच संध्याकाळी एर्गशनं आपली गादी उचलून सुतारखान्यात नेली. साधा माणूस. कामातून निवृत्त झाल्यापासून पाच वेळची नमाज एकदाही चुकलेली नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं स्वतःच फळा वाचला, अक्षर न् अक्षर बोट फिरवून.

चौथ्या दिवशी झुमराद माझ्या दारात उभी राहिली. कोपरापर्यंत पीठ. ती पहाटे तंदूर पेटवते, सगळा मोहल्ला तिचं नान खातो. तुम्ही सकाळी खाल्लंत ते तिचंच. आत्ता येईल दुसरी खेप घेऊन. मी म्हटलं, "ये, बस."

"बसायला नाही आले. तो मला काय हाक मारतो माहितीय?"

"काय?"

"बहिणी. 'बहिणी, सूप आणशील का गं?' सुतारखान्याच्या दारातून वाडगा पुढे करतो आणि जमिनीकडे बघतो. एक्केचाळीस वर्षं ज्या माणसाचे मोजे मी रफू केले, तो मला बहिणी म्हणतो. नातवंडं विचारतात, आजोबांना काय झालं? काय सांगू त्यांना? कादिरअली आजोबांना पहिला दगड पाहिजे होता म्हणून?"

"झुमराद, मी..."

"मला आईबाप माहीत नाहीत. गाव माहीत नाही. खरं नाव झीना होतं की झोया, तेही माहीत नाही. माझं म्हणून जे काही आहे ते त्या सुतारखान्यात मुसमुसत बसलंय. ते मला परत आणून द्या."

आणि गेली. माझ्या दाराच्या कडीला पीठ लागलं होतं. बायकोनं ते पुसलं नाही. मला जेवण वाढलं ते असं, की ताट खाली ठेवताना आवाज झाला पाहिजे.

आता मला सांगा, मी काय करायचं? पाहुणे, मी उभ्या आयुष्यात पुष्कळ सांगितलंय. अस्वलाला रूळ टाकायला शिकवलं ते सांगितलंय, वोल्गेवर बर्फात चहा उकळला ते सांगितलंय. पण त्या शुक्रवारी मशिदीच्या अंगणात मी जे बोललो ते खरं होतं. अगदी खरं. त्या दिवशी मला ते अचानक आठवलं.

दोमलांनी मधोमध जेवणाचा दस्तरखान पसरला, त्यावर एक नान ठेवलं. आमच्याकडे नानावर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही. बोललं तर तेच नान एक दिवस माणसाला मारतं. नान झुमरादच्याच तंदुरातलं होतं, अजून कोमट. सगळा मोहल्ला उभा. एर्गश कोपऱ्यात, टोपी हातात. हा नबीजॉन पुढे, टाचा उंचावून.

मी हात ठेवला आणि म्हणालो, "माझी आई आयिमखोन हिला दूध नव्हतं."

कुणीतरी श्वास घेतलेला मला ऐकू आला. मी पुढे म्हणालो, "माझी बहीण गेली त्याच दिवशी ते आटलं. आमच्या अंगणात जेवढी पोरं वाढली ती बकरीवर वाढली. आणि बकरीच्या दुधानं कुणी कुणाचं भावंड होत नाही."

पाहुणे, चहा प्या. नबीजॉन, त्यांचा पियाला भर.

तर बकरी. पांढरीशुभ्र, डोळ्यांभोवती काजळासारखं काळं कडं, दिवसाला सात शेर दूध.

"मागच्या वर्षी पाच होतं," नबीजॉन म्हणतोय. अरे, मागच्या वर्षी मला सर्दी होती!

आजही मला दिसतं. आई भिंतीला टेकून बसलेली, एका मांडीवर झुमराद, दुसऱ्या मांडीवर एर्गश, दोघांच्या मुठी आवळलेल्या, आणि आई डोळे मिटून हळूहळू पुढेमागे... म्हणजे हातात वाटी. वाटीत बकरीचं. चमच्यानं पाजायची. चमचा लाकडी होता.

दोमलांनी माझ्या हाताखालचं नान काढून घेतलं. मग म्हणाले, "साक्ष झाली. बकरीवरून नातं लागत नाही. एर्गश, घरी जा." एर्गशला कानानं कमी ऐकू येतं, त्याला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा कळल्यावर त्यानं तिथेच टोपी तोंडावर धरली. त्याची गादी नातवंडांनी वरातीसारखी परत नेली.

इथे संपलं असतं. पण विभाग आहे ना!

मी गेलो आणि म्हटलं, "आईचं नाव काढा." शेरजोद साहेब म्हणाले, काढता येत नाही. एक नाव काढलं की बारा दगडांची मंजुरी रद्द, तुतीचं झाड रद्द, सगळं पहिल्यापासून. दुरुस्ती मात्र करता येते. आणि दगड काळजीवाहूचा आहे, ती बाईच असली पाहिजे असं नियमात कुठे लिहिलेलं नाही.

"दूध कुणी दिलं?"

"बकरीनं."

"नाव?"

"बकरी."

"हयात आहे?"

"साहेब, एक्केचाळीस सालची बकरी!"

"मग वारसाची सही लागेल."

हसू नका. सरकारी दफ्तरात आजही माझी सही आहे: कादिरअली, बकरीचा वारस. ओळखपत्राची प्रत जोडलेली आहे. चाळीस वर्षं नक्षी आखली, सैबेरियाची थंडी खाल्ली, सहा पोरं मार्गी लावली, आणि हातात काय आलं? बकरीचा वारस!

उद्घाटनाला पाच साहेब आले. पाच जणांनी बकरीला फुलं वाहिली. शाळेच्या मुलींनी कविता म्हटली, त्यात 'माते' होतं ते आयत्या वेळी कुणालाच बदलता आलं नाही. हा नबीजॉन कडेला उभा राहून दातओठ खात होता, कारण त्याच्या आजीची नऊ, बकरीची अकरा, आणि आजी बकरीच्या मागे. मला त्यातच काय ते सुख. बाकी मी चिडलेलोच होतो. बायका त्या दगडावर हात फिरवत होत्या आणि मला वाटत होतं, ओरडून सांगावं की अगं, ती... की अगं, केवढी गुणी बकरी होती ती!

आणि माझ्या आईचं नाव कुठेही नाही. चालायचं. तिनं कधी मागितलं नव्हतं. मागितलं ते मी. माझा सगळा राग विभागावर आहे, नबीजॉनवर आहे, त्या लांब बुटांवर आहे, आणि उरलेला कुणावर ते मी सांगणार नाही.

ही बघा, आली झुमराद नान घेऊन. ठेव गं, ठेव, पाहुण्यांना गरम दे. नवरा तुझा तिकडे दोमलांच्या शेजारी डुलक्या काढतोय. तर पाहुणे, मी काय सांगत होतो, त्या बकरीची धार काढताना ती अशी शांत उभी राहायची, की आई एका हातानं धार काढायची आणि दुसऱ्या हातानं...

"बोकड होता तो, कादिरअली आका," झुमराद म्हणाली.

दोमलांचा पियाला ओठांपाशी थांबला. तिनं टोपलीतलं शेवटचं नान काढून माझ्यासमोर ठेवलं, अगदी हलक्या हातानं, आणि पीठ झटकलं.

"तुमच्या अंगणात एकच जनावर होतं. त्याच्या शिंगांना धरून मी उभी राहायला शिकले. सलोमत आई मरेपर्यंत सांगायची, बोकड होता, आणि मारका होता."

मग ती वळली, नवऱ्याच्या खांद्याला धरून त्याला हलवलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "अहो, उठा! घरी चला, सूप निवतंय!"